कंटेनर शिकवताना नेमकं म्हणायचं काय?

खोपटकर | रविवार, रात्री १०:४०

नौपाड्यात एका वाचनालयाच्या वरच्या खोलीत गेले सहा रविवार मी एक छोटी बॅच घेतोय. फी नाही, प्रोजेक्टर माझा, चहा ज्याचा त्याचा. चौदा मुलं आहेत. बरीचशी बीएस्सी आयटी आणि डिप्लोमाची, दोघं नोकरी शोधणारी, आणि एक उरणहून येतो. त्याचे वडील द्रोणागिरीला एका सीएफएसमध्ये (जहाजाचे कंटेनर भरायच्या-रिकामे करायच्या यार्डात) कामाला आहेत. हे मुद्दाम सांगतोय, कारण आज त्यानेच माझी दांडी उडवली.

विषय होता कंटेनर, सॉफ्टवेअरमधला. मी सगळ्यांसारखीच जहाजापासून सुरुवात केली. डॉकरच्या (कंटेनर बांधायचं-चालवायचं सॉफ्टवेअर) लोगोतच देवमासा पाठीवर पेट्या घेऊन पोहतो, म्हटल्यावर दुसरं काय सुचणार. म्हटलं, तुमचं सॉफ्टवेअर, त्याला लागणाऱ्या लायब्रऱ्या, सेटिंग, सगळं एका पेटीत भरायचं, पेटी बंद करायची, पाठवून द्यायची. कुठेही उतरवा, तशीच चालणार. माना डोलल्या. मग डेमो. कंटेनर चालू केला, आत जाऊन एक फाइल बनवली, बाहेर येऊन कंटेनर काढून टाकला, पुन्हा रन केला. फाइल गायब. मी जादूगारासारखा वर्गाकडे बघतोय, तर हा म्हणतो, ‘सर, माल पेटीत होता ना? मग गेला कुठे? आणि पाठवली कुठली पेटी? ही तर इथेच होती. शिवाय कंटेनर रिकामा झाला की परत जातो, तुमचा तर नाहीसाच झाला.’

उत्तर मला माहीत होतं, पण मघाशी मीच वापरलेल्या शब्दांत ते बसेना. पाठवली जाते ती इमेज, म्हणजे सगळं भरून तयार ठेवलेला साचा, त्यावरून चालतो तो कंटेनर, आणि दहा मिनिटांपूर्वी मी दोघांनाही ‘पेटी’ म्हणून मोकळा झालो होतो.

शेवटी कागद वाटले आणि ‘कंटेनर म्हणजे काय’ ते एका ओळीत लिहायला सांगितलं. आठ जणांनी लिहिलं, ‘छोटं व्हर्च्युअल मशीन’ (म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला आख्खा दुसरा कॉम्प्युटर). तिघांनी, ‘डॉकरची फाइल’. एकीने चक्क ‘ॲपचा फोटो’. का, तर इमेज! एक कागद कोरा. उरणवाल्याने लिहिलं होतं, ‘नीट कळलं नाही’. मला वाटतं वर्गात त्यालाच सगळ्यात जास्त कळलं होतं.

तुम्ही शिकवता तेव्हा कुठले शब्द वापरता? मराठीच हवेत असा हट्ट नाही. वर्गाची भाषा आपली नेहमीचीच, खिचडी.

सेक्टर१७ | रविवार, रात्री ११:०५

मी वाशीत नऊ वर्षं हेच शिकवते. फार विचार करू नका. ‘डॉकर म्हणजे ॲप चालवायची पेटी’ एवढं सांगा आणि पोरांना कीबोर्डवर बसवा. वीस वेळा कमांड मारली की शब्द आपोआप जागेवर येतात. सायकल शिकवताना आधी चेनचं नाव सांगतो का आपण?

कर्नलकाका | सोमवार, सकाळी ६:१५

सेक्टर१७ ताई, चेन उतरली की मात्र नाव लागतं.

खोपटकर, हा गोंधळ तुमच्या वर्गात जन्मलेला नाही, घराण्यातच आहे. १९७९ साली युनिक्स या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीच्या वेळी ‘सीएचरूट’ आलं. प्रोग्रॅमला सांगायचं, बाबा रे, हीच फोल्डर म्हणजे तुझं सगळं जग. २००० साली त्याच घराण्यातल्या फ्रीबीएसडीने यातूनच पुढचं काढलं आणि नाव दिलं ‘जेल’, म्हणजे सरळ तुरुंग. सोलॅरिसवाल्यांनी ‘झोन’ म्हटलं. वस्तू साधारण एकाच जातीच्या, नावं प्रत्येकाची वेगळी.

आता गंमत ऐका. प्रोसेसना (चालू प्रोग्रॅमना) मेमरी आणि सीपीयूचं रेशन लावायची सोय लिनक्समध्ये घालण्याचं काम २००६ मध्ये गूगलच्या इंजिनिअरांनी सुरू केलं. तिचं नाव होतं ‘प्रोसेस कंटेनर्स’. २००७ मध्ये ते बदलून ‘कंट्रोल ग्रुप्स’ केलं, कारण कर्नलच्या (लिनक्सच्या गाभ्याच्या) मंडळींत ‘कंटेनर’ या शब्दाचे तेव्हाच इतके अर्थ झाले होते की कोण कशाबद्दल बोलतोय ते कळेना. जानेवारी २००८ च्या २.६.२४ या कर्नल आवृत्तीत ते नव्या नावाने आलं. म्हणजे ज्यांनी ही गोष्ट बांधली त्यांनाच हा शब्द नको झाला होता. पाच वर्षांनी डॉकर आलं आणि तोच शब्द घरोघरी पोचला.

कर्नलमध्ये ‘कंटेनर’ नावाची वस्तूच नाही. प्रोसेसला काय दिसावं ते ठरवणाऱ्या नेमस्पेस आहेत, रेशन लावणारे कंट्रोल ग्रुप आहेत. या दोन गोष्टी लावून चालवलेल्या साध्या प्रोसेसला आपण बाहेरून ते नाव देतो. म्हणून माझा शिकवायचा क्रम उलटा असतो. पेटी नाही, जहाज नाही. पहिलं वाक्य, ‘कंटेनर म्हणजे चालू प्रोसेस, फक्त डोळ्यांवर झापडं लावलेली.’ मग दाखवायचं. लिनक्स मशीनवर अल्पाइनचा (एक छोटंसं लिनक्स) कंटेनर घ्या, त्यात ‘स्लीप १०००’ (हजार सेकंद नुसतं झोपायची कमांड) चालवा. आत जाऊन पीएस (चालू प्रोसेसची यादी दाखवणारी कमांड) मारा. यादीत तो एक नंबरला, राजासारखा. बाहेर येऊन होस्टवर, म्हणजे खऱ्या मशीनवर, पीएस मारा. तोच ‘स्लीप’ तुमच्या ब्राउझरच्या, एडिटरच्या रांगेत, पाच आकडी नंबर घेऊन मुकाट उभा. रूट होऊन त्याला बाहेरून ‘किल’ला हायफन ९ लावून मारा, कंटेनर बंद. दोन्हीकडे ‘यूनेम’ला हायफन आर लावून बघा, कर्नलची आवृत्ती तीच. हे एकदा डोळ्यांनी बघितलेला मुलगा परत ‘छोटं व्हर्च्युअल मशीन’ म्हणत नाही.

खोपटकर | सोमवार, सकाळी ८:५०

(ऐरोलीच्या गाडीत उभ्याने टाइप करतोय, चुका पोटात घाला.)

काका, ‘झापडं’ एकदम पसंत. पण माझ्या चौदापैकी अकरा जणांकडे विंडोज लॅपटॉप आहेत. तिथे हा डेमो चालत नाही. टास्क मॅनेजरमध्ये ‘स्लीप’ दिसतच नाही.

कर्नलकाका | सोमवार, सकाळी ९:१०

नाहीच दिसणार. विंडोजवर आणि मॅकवर डॉकर डेस्कटॉप आधी गुपचूप एक लिनक्सचं व्हर्च्युअल मशीन उभं करतं आणि लिनक्सचे कंटेनर त्याच्या पोटात चालतात. म्हणजे तुमच्या त्या आठ पोरांचं अगदीच चुकलं नव्हतं. त्यांच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअल मशीन खरंच आहे, फक्त कंटेनर म्हणजे ते नव्हे. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका. डेमोसाठी एखादा जुना लॅपटॉप लिनक्स टाकून घेऊन जा. माझा एक पडून आहे, बॅटरी मेली आहे पण वायर लावून चालतो. हवा तर कोपरखैरण्याहून उचला.

अनुस्वार | सोमवार, दुपारी १:३०

इंग्रजी शब्द उचलायचा आणि मग त्याचा अर्थ समजावत बसायचं, हा आपला जुना रोग. ‘महापौर’, ‘दिनांक’ हे शब्दही कुणीतरी घडवलेच होते, सावरकरांना हसणारे तेव्हाही होतेच, आज तेच शब्द बिनदिक्कत वापरतो. इमेजला ‘प्रतिमा’, कंटेनरला ‘पात्र’, लेयरला ‘थर’, इमेज साठवायच्या रजिस्ट्रीला ‘कोठार’. चार रविवार वापरून तर पाहा.

सानपाडा_लोकल | सोमवार, दुपारी २:०५

अनुस्वार, ‘पात्र चालू करा’ म्हटलं तर अर्धा वर्ग गॅसकडे बघेल आणि उरलेला अर्धा स्टेजकडे. 😀 आणि ‘प्रतिमा’ने तर ‘ॲपचा फोटो’ लिहिणारीची खात्रीच पटेल.

मी टेस्टर आहे. हे सगळं दोन वर्षांपूर्वी शिकले, त्यामुळे कुठे ठेचकाळले ते अजून आठवतंय. शिकवणाऱ्यांना ते विसरायला होतं म्हणून लिहिते. मला ‘कंटेनर’ने त्रास दिला नाही, आधीपासून माहीत असलेल्या शब्दांनी दिला. ‘व्हॉल्यूम लावा’ म्हटल्यावर मी खरंच लॅपटॉपचा आवाज वाढवला होता (तो डेटा ठेवायचा, कंटेनरबाहेरचा कप्पा). ‘होस्ट’ म्हणजे मला वेबसाइट होस्ट करतात तो. ‘डीमन चालू आहे का?’ असा लाल अक्षरांत मेसेज आला तेव्हा वाटलं व्हायरस शिरला. तो बिचारा पडद्यामागे काम करणारा प्रोग्रॅम, हे चौथ्या दिवशी कळलं.

‘लेटेस्ट’ने तर पूर्ण फसवलं. मला वाटायचं लेटेस्ट म्हणजे सगळ्यात नवीन, आपोआप मिळणारं. ते नुसतं लेबल आहे, इमेजच्या नावापुढे आपण वेगळा टॅग (आवृत्तीची खूण) दिला नाही तर लागणारं. कुणी जुन्या इमेजला चिकटवलं तरी चिकटतं. आणि एकदा आपल्या मशीनवर आलं की पुढच्या रनला आहे तेच वापरलं जातं, नवीन आलंय का म्हणून कुणी बघायला जात नाही. आमच्या टीममध्ये माझ्या लॅपटॉपवरचा पोस्टग्रेस (डेटाबेस) जुना आणि शेजारणीकडे त्याच ‘लेटेस्ट’ नावाने पुढची मोठी आवृत्ती. तिने माझा डेटा फोल्डर लावला तर सर्व्हर उठेचना, डेटाच्या फाइली जुळत नाहीत म्हणून. दुपार गेली. दोघींच्या कमांडमध्ये एका अक्षराचा फरक नव्हता, आम्ही एकमेकींच्या खांद्यावरून वाचून पाहिलं होतं.

पण सगळ्यात मोठा घोळ ‘रन’चा. रोज सकाळी ऑफिसला आले की मी डॉकर रन मारायचे. माझी एक छोटी नोंदवही होती, टेस्टच्या नोंदी ठेवायला, फाइल आतच. रोज सकाळी वही कोरी! मला वाटायचं कंटेनर बंद झाला की डेटा जातो, हा नियमच असेल. दोन आठवड्यांनी एका सीनिअरने डॉकर पीएसला हायफन ए लावून दाखवलं. अकरा कंटेनर, सगळे थांबलेले, प्रत्येकात एका दिवसाच्या नोंदी. काही गेलं नव्हतं, मी रोज नवीन घर बांधत होते आणि कालचं घर कुठे म्हणून रडत होते. रन म्हणजे ‘नवीन बनव आणि चालू कर’, स्टार्ट म्हणजे ‘आहे तो चालू कर’, हे एक वाक्य पहिल्या दिवशी कुणी सांगितलं असतं तर!

ता. क. त्या यादीतली नावं मजेशीर होती. नाव दिलं नाही की डॉकर स्वतःच एक विशेषण आणि एका शास्त्रज्ञाचं आडनाव जोडतं. रामन, आर्यभट, विश्वेश्वरय्या सगळे आहेत त्यात.

कर्नलकाका | सोमवार, दुपारी २:४०

आणि ‘बोअरिंग वॉझ्नियाक’ हे एकच नाव मुद्दाम वगळलंय. कोडमध्ये तशी ओळच आहे. स्टीव्ह वॉझ्नियाक कंटाळवाणा नाही म्हणे.

द्रोणागिरी | सोमवार, रात्री ९:२०

मी आयटीतला नाही. सीएफएसमध्ये डॉक्युमेंटेशन बघतो. (नाही, तो मुलगा माझा नाही. पण बापाला ओळखत असेन, इथे सगळे ओळखतात.) धाग्याचं नाव वाचून वाटलं करळ फाट्यावरच्या ट्रेलरच्या रांगेबद्दल असेल, म्हणून उघडला.

पोराने बरोबर पकडलंय. आमच्याकडे बॉक्स आणि माल या कायम दोन गोष्टी. बॉक्स शिपिंग लाइनचा, माल पार्टीचा. बॉक्सवर चार अक्षरं आणि सात आकडे, शेवटचा आकडा तपासणीचा. तो नंबर बॉक्सचा असतो, मालाचा नव्हे. आज त्यात टाइल्स, पुढच्या महिन्यात त्याच नंबरच्या बॉक्समध्ये कांदा पावडर. डेस्टफिंग (माल बाहेर काढणं) झालं की एम्प्टी यार्डात परत, उशीर झाला तर डिटेन्शन लागतं. बॉक्स ‘चालतो’ वगैरे काही नाही. तो पडून असतो. चालतो तो ट्रेलर, तोही नशीब असेल तर.

मग तुमच्या लोकांनी हा शब्द का उचलला असेल? मला वाटतं कोपऱ्यांमुळे. बॉक्सचे आठ कोपरे बघा कधी. ओतीव पोलाद, त्याला ठरावीक मापाची भोकं. क्रेन वरून येते, कोपरे धरते, उचलते. आत आंबा आहे की मशिनरी, क्रेनला काय करायचंय. वीस फुटी असो की चाळीस, कोपरा तोच. न्हावा शेव्याची क्रेन असो की सिंगापूरची, भोक तेच. सगळी करामत कोपऱ्यात आहे, पेटी म्हणजे नुसता पत्रा.

खोपटकर | सोमवार, रात्री ९:५५

द्रोणागिरी, तुम्ही आयटीत नाही हे आमचं नशीब, नाहीतर माझी बॅच तुमच्याकडे गेली असती.

कोपऱ्याचं इतकं चपखल आहे की मी आजवर रूपकाचं चुकीचं टोक धरून बसलो होतो असं वाटायला लागलंय. आमच्याकडेही तेच झालं. २०१५ मध्ये लिनक्स फाउंडेशनच्या छत्राखाली कंपन्या एकत्र आल्या आणि इमेज कशी बांधायची, कशी चालवायची याचं माप ठरलं. तेच आमचे कोपरे. त्यामुळे डॉकरने बांधलेली इमेज पॉडमनने (डॉकरसारखंच दुसरं साधन) चालवता येते, कुबरनेटीसवरही (अनेक मशीनवरचे कंटेनर सांभाळणारं सॉफ्टवेअर) चालते. म्हणजे जहाजाची गोष्ट सांगायचीच असेल तर इमेजबद्दल सांगावी, आणि फक्त कोपऱ्यांपुरती. नंबरचं मात्र तुमच्या उलट आहे. इमेजचा लांबलचक आकडा मालावरूनच निघतो, आत एक अक्षर बदललं तरी आकडा बदलतो.

सेक्टर१७ | मंगळवार, सकाळी १०:३०

छान चाललंय, पण माझी पोरं मुलाखतीला जातात आणि समोरचा विचारतो, ‘डॉकर येतं का?’ तिथे ‘डोळ्यांवर झापडं लावलेली प्रोसेस’ म्हणून चालेल का? लोक ‘एक डॉकर चालू कर’, ‘डॉकर बनवून दे’ असंच बोलतात. आपण झेरॉक्स म्हणतोच की. दुकानावर मशीन कुठल्याही कंपनीचं असो, पाटी झेरॉक्सचीच.

कर्नलकाका | मंगळवार, सकाळी ११:००

ताई, झेरॉक्स म्हटल्याने कुणाचं नुकसान होत नाही, कारण दुकानात मिळते ती एकच वस्तू. ‘डॉकर’ म्हटलं की कंपनी, कमांड, पडद्यामागचा डीमन, इमेज, कंटेनर, पाचही निघतात.

२०२० चा डिसेंबर आठवा. कुबरनेटीसच्या १.२० मध्ये जाहीर झालं की डॉकरला जोडून घेणारा एक तुकडा पुढे काढून टाकणार. बातमी फिरली, ‘कुबरनेटीस डॉकर बंद करतंय’. आमच्या ऑफिसात दोन दिवस नुसती धावपळ. आता सगळ्या इमेज नव्याने बांधायच्या का, एवढ्यासाठी मीटिंग झाली. प्रत्यक्षात डॉकरने बांधलेल्या इमेजना काहीही होणार नव्हतं, त्या ठरलेल्या मापाच्याच होत्या. बदलत होता तो फक्त खाली त्या चालवणारा प्रोग्रॅम. २०२२ मध्ये १.२४ ला तो तुकडा खरंच गेला, तेव्हा आमच्याकडे कुणी मान वर करून पाहिलंही नाही. ती सगळी घबराट एका शब्दाची होती.

सेक्टर१७ | मंगळवार, सकाळी ११:२०

त्या धावपळीत मीपण होते. 🙈 बरं. मुलाखतीत डॉकर म्हणा, वर्गात म्हणू नका, एवढं मान्य.

घंटाळी_गल्ली | मंगळवार, दुपारी १२:१०

सगळं यूट्यूबवर फुकट आहे. उगाच काथ्याकूट.

अनुस्वार | मंगळवार, रात्री ११:३५

सानपाडा_लोकल, तुमच्या ‘स्टेजकडे बघेल’ने काल झोप उडवली. आधी राग आला, मग त्यातच काहीतरी सापडलं असं वाटतंय. पाहा पटतं का.

मराठीत एका गोष्टीसाठी आपल्याकडे दोन पक्के शब्द आहेत आणि त्यांची गल्लत कुणीही करत नाही. नाटक आणि प्रयोग. नाटक एकच. संहिता, नेपथ्य, कपडेपट, संगीताचा ट्रॅक, सगळं बांधून ट्रकमध्ये. प्रयोग अनेक. शनिवारी गडकरी रंगायतनला, रविवारी वाशीच्या भावे नाट्यगृहात. नाटक म्हणजे इमेज, प्रयोग म्हणजे कंटेनर.

‘आम्ही प्रयोग ट्रकमध्ये भरून पाठवला’ असं कुणी म्हणेल का? जीभच वळणार नाही. ट्रक नाटकाचा जातो, प्रयोग तिथे उभा राहतो. तुमच्या उरणच्या मुलाचे तिन्ही प्रश्न इथे सुटतात. नटाने आजच्या प्रयोगात पदरचं एक वाक्य घातलं, हशा मिळाला. उद्याच्या प्रयोगात ते आपोआप येतं का? नाही, संहितेत ते नाहीच. हीच तुमची गायब फाइल. यायला हवं असेल तर संहिता बदला, म्हणजे नवी इमेज बांधा.

आणि रन-स्टार्टचं भांडण. रन म्हणजे नवा प्रयोग लावणं. स्टॉप म्हणजे मध्यंतर, स्टार्ट म्हणजे मध्यंतरानंतरची घंटा. तोच प्रयोग पुढे चालू. मोडलेली खुर्ची मोडलेलीच.

सानपाडा_लोकल | बुधवार, सकाळी ७:२५

अनुस्वार!!! ‘पात्र’बद्दल बोललेलं सगळं मागे घेते. म्हणजे मी रोज सकाळी नवा प्रयोग लावत होते आणि काल मोडलेली खुर्ची शोधत होते.

मग व्हॉल्यूम म्हणजे काय? प्रयोग संपला तरी राहतं ते. तिकीटखिडकीची वही?

अनुस्वार | बुधवार, सकाळी ७:५०

उत्तम! हिशेबाची वही. ती नाटकाची नाही, प्रयोगाचीही नाही. प्रत्येक प्रयोगाच्या वेळी टेबलावर आणून ठेवायची आणि संपल्यावर घरी न्यायची.

कर्नलकाका | बुधवार, सकाळी ८:३०

छान आहे, मी वापरणार. पण कुठे तुटतं तेही सांगून ठेवा, नाहीतर पुन्हा कुणीतरी उरणहून येईल. एक, मध्यंतरानंतर नट असतो तिथूनच पुढे खेळतो. इथे स्टार्ट केल्यावर प्रोग्रॅम पहिल्या ओळीपासून सुरू होतो, शिल्लक राहतं ते डिस्कवरचं. तुमची खुर्ची मोडलेली राहते, पण नट संवाद विसरून पुन्हा पहिल्या प्रवेशाला येतो. दोन, एका रंगमंचावर एका वेळी एकच प्रयोग. आमच्या मशीनवर पन्नास एकदम चालतात आणि एकाला दुसऱ्याचं ऐकू जात नाही, तिथे झापडंच लागतात. रंगमंच सगळ्यांचा एक, कर्नल एक, लाइट गेले की पन्नासही अंधारात. व्हर्च्युअल मशीन म्हणजे प्रत्येकाला वेगळं थिएटर बांधून देणं.

‘थर’ हा शब्द मात्र अनुस्वारांचाच घ्या. ठाण्याच्या पोरांना दहीहंडी सांगावी लागत नाही. डॉकरफाइलमध्ये (इमेज बांधायच्या पायऱ्यांची फाइल) वरची ओळ म्हणजे इमेजचा खालचा थर, ती बदलली की तिथून पुढचं सगळं पुन्हा बांधलं जातं, कारण खालचा थर हलला की वरचे टिकत नाहीत. म्हणून रोज बदलणारा कोड शेवटी कॉपी करायचा, लायब्रऱ्या आधी. सगळ्यात हलका गोविंदा वर.

द्रोणागिरी | बुधवार, रात्री १०:१५

नाटकाचा ट्रक पण अटल सेतूवरून येतो का? टोल कोण भरतं?

खोपटकर | रविवार, संध्याकाळी ७:३०

आजचा वृत्तान्त. काकांचा लॅपटॉप काल आणला (वायर माझ्या पायात येऊन दोनदा बंद पडला, होस्ट गेला की सगळे प्रयोग जातात हे त्यामुळे फुकटात शिकवून झालं).

जहाज काढलंच नाही. आधी ‘स्लीप १०००’ आत आणि बाहेर दाखवला. एकाच प्रोसेसचे दोन नंबर दिसल्यावर मागच्या बाकावरून ‘अरे!’ आलं. मागच्या रविवारी ‘ॲपचा फोटो’ लिहिणारीने विचारलं, ‘म्हणजे त्याला माहीतच नाही तो कुठे आहे?’ ‘झापडं’ हा शब्द मी तोवर उच्चारलाही नव्हता, पण त्याच्यासाठी जागा तयार झाली होती.

मग नाटक आणि प्रयोग. फळ्यावर दोन रकाने केले. मी क्रियापदं सांगायची, मुलांनी रकाना. बांधतो, पाठवतो, खेचतो, टॅग लावतो: नाटक. चालवतो, थांबवतो, आत जातो, काढून टाकतो: प्रयोग. नामांपेक्षा क्रियापदांनी भराभर बसलं, हे मला अनपेक्षित होतं. नाम दोन्हीकडे खपून जातं. क्रियापद चुकलं की कानाला खटकतं.

पोर्टचा (नेटवर्कच्या दाराचा नंबर) गोंधळ झालाच. ८०८०:८० मध्ये बाहेरचा कुठला, आतला कुठला. ‘आधी सोसायटीचं गेट, मग फ्लॅट’ सांगितलं, ते चाललं. ‘एक्स्पोज’ने पोर्ट उघडत नाही, ती नुसती दारावरची पाटी आहे आणि दार हायफन पीने उघडतं, हे सांगितल्यावर एकाने विचारलं, मग पाटीचं नाव एक्स्पोज का ठेवलं? मी म्हटलं, मलाही तेच विचारायचंय.

एक जण अडला तो लोकलहोस्टवर. कंटेनरच्या आतून लोकलहोस्ट म्हटलं की तो स्वतःलाच हाक मारतो, शेजारच्या डेटाबेसला नाही. याला नाटकात काही सापडलं नाही. तसंच कोरडं सांगितलं, दोनदा, आणि कंपोझ फाइलमधलं (अनेक कंटेनर एकत्र लावायची यादी) डेटाबेसचं नाव वापरून दाखवलं. दहा जणांना कळलं, चौघांना पुढच्या वेळी.

वर्गाचा दंड ठरलाय. जो ‘डॉकर चालू केला’ किंवा ‘कंटेनर पाठवला’ म्हणेल त्याने सगळ्यांना वडापाव. पंधरा मिनिटांत पहिला दंड मी भरला. पकडलं कुणी ते सांगायला नको. परत जाताना म्हणाला, ‘सर, पप्पांना सांगितलं तुमचा कंटेनर म्हणजे प्रयोग. ते म्हणाले, मग भाडं कोण घेतं?’

पुढच्या रविवारी नेटवर्क. डॉकरचं नेहमीचं नेटवर्क ‘ब्रिज’, त्याला काय म्हणू?

सानपाडा_लोकल | रविवार, संध्याकाळी ७:५०

कळवा पूल म्हणा. ठाण्यात सगळ्यांना लगेच कळेल.

कर्नलकाका | रविवार, रात्री ८:०५

कळेल, पण मग पॅकेट पोचायला दीड तास का लागत नाही ते समजावत बसाल.